नव्या गाडीतली खोकली

आमच्या दाजींना हळू बोलता येत नाही. माणूस लाखात एक आहे, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर ताई मला दारात उभं करायची नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. एकदा आम्ही स्टेशनमास्तरांचं बाळ बघायला दवाखान्यात गेलो होतो. तिथे दाजी माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "नाक अगदी बापावर गेलंय गं बिचारीचं!" त्यांच्या मते ही कुजबुज होती. पलीकडच्या खोलीतली नर्स काय झालं म्हणून धावत आली. मी त्याच स्टेशनवर तिकीट खिडकीत बसते, म्हणजे स्टेशनमास्तर माझे साहेब. पुढे महिनाभर त्यांनी मला रजा दिली नाही, आणि दाजींना वाटतं की स्टेशनात काम फार होतं म्हणून.

कान मात्र ठणठणीत. रेल्वेचे डॉक्टर दर वर्षी तपासतात आणि शाबासकी देतात. दोष कानांचा नाहीच, खोकलीचा आहे.

खोकली म्हणजे आमच्या लाइनीवरची डिझेलची गाडी. दोन डबे, आणि इंजिन डब्याच्याच पोटात, पायांखाली. जंक्शनपासून फुटलेला आमचा एकेरी फाटा आहे. मधे दोनतीन छोटी स्टेशनं, नदीवरचा पूल, मग चढ, चढाच्या माथ्यावर एक बुटका बोगदा, आणि तिथून लांबलचक उतार थेट आमच्या स्टेशनापर्यंत. आमच्यापुढे रूळ संपतात. खोकली चढाला लागली की छातीत कफ साठल्यासारखी खोकायची, ते पार बोगद्यात शिरेपर्यंत. तिच्या धुराने माझ्या खिडकीची काच रोज काळी व्हायची. मी रोज पुसायची आणि रोज तिच्या नावाने बोटं मोडायची. दाजी म्हणायचे, "शिव्या देऊ नकोस, तिला कळतं." मी म्हणायची, "कळू दे की! कळावं म्हणूनच देतेय."

ऐन विशीत दाजी त्या गाडीवर चढले ते तिथेच राहिले. मोठ्या गाड्यांवर जायची संधी चालून आली होती, पण गेले नाहीत. केबिनमध्ये त्या धडधडाटात सगळं ओरडूनच बोलावं लागायचं, तेच वळण जिभेला पडलं. गाडीत वेगाचा काटा होता, पण तो आपल्या मर्जीने हलायचा. दाजी त्याच्याकडे बघायचेच नाहीत. सगळा कारभार कानावर. उतारावर इंजिनाचा आवाज चढत चढत एका ठरावीक पट्टीला पोचला की यांचा हात आपोआप ब्रेकवर जायचा आणि गाडी आमच्या फलाटावर पिवळ्या पाटीसमोर जिथल्या तिथे उभी राहायची. लोक दार कुठे येणार हे ओळखून आधीच तिथे उभे असायचे. इतक्या वर्षांत एकदाही कुणाला एक पाऊल सरकावं लागलं नाही, आणि दाजींचा सगळा ताठा एवढाच.

मग बातमी आली की खोकली जाणार आणि हायड्रोजनवर चालणारी गाडी येणार.

बापरे, काय ती चर्चा! कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तर गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून जाहीर केलं की ही गाडी एक दिवस सगळ्या गावासकट उडणार. माझ्या खिडकीवर रोज तेच. "बाई, ही गाडी पाण्यावर चालते म्हणे?" पाण्यावर चालत नाही हो, पाणी सोडते! सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. छपरावरच्या टाक्यांत हायड्रोजन भरायचा. त्याची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ घालून द्यायची, की त्यातून वीज तयार होते. विजेवर मोटर चालते, आणि मागे उरते ती वाफ नि पाणी. धूर नाही, काजळी नाही. मग एखादा शहाणा विचारायचाच, "त्यापेक्षा वर तारा टाकून साधी विजेची गाडी का नाही आणत?" अहो, बोगदा बुटका, तारा मावायच्या कुठे? आणि दिवसाच्या चार फेऱ्यांसाठी एवढ्या लांब तारा ओढणार कोण, तुमचे काका? असं मी म्हणायची. हो, थोडा पारा चढतो माझा.

गाडी आली त्या दिवशी सगळं गाव फलाटावर लोटलं होतं. स्टेशनमास्तर लोकांकडे तोंड करून, हात वर करून सांगत होते, "मागे व्हा, गाडी आता कुठल्याही क्षणी येईल." गाडी त्यांच्या पाठीमागे येऊन कधीची उभी होती. निळीपांढरी, धुतल्यासारखी स्वच्छ. नुसता वाऱ्याएवढा आवाज. लोक आधी हसले, मग टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझी खिडकी आता स्वच्छ राहणार होती, मला का वाईट वाटावं? दाजी मात्र गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "चालू आहे का बंद आहे, हे हिला विचारायचं कुणी?"

शिकवायला कंपनीने एक मुलगी पाठवली होती. दाजींच्या निम्म्या वयाची, पण कामाला पक्की. सगळे तिला मास्तरीण म्हणायचे. ती दाजींना काका म्हणायची आणि दाजी तिला मॅडम. पहिले काही दिवस वर्गात गेले. टाक्या, झडपा, गळती झाली तर काय, आग लागली तर काय. दाजींनी सगळं पाठ केलं, ताईला जेवताना तोंडी परीक्षा घ्यायला लावली, आणि लेखी परीक्षेत पहिले आले. घरी काय थाट! ताईने त्यांना सांगितलं, "बस झालं, आता ताट उचला."

मग प्रत्यक्ष गाडी चालवायची वेळ आली आणि सगळं ओमफस.

मास्तरीण शेजारी बसलेली. दाजी ताठ, तोंड घट्ट मिटलेलं, मुंजीतल्या बटूसारखे म्हणणार होते मी, पण नको, ताईला आवडायचं नाही. गाडी उतारावरून आली ती आमच्या पिवळ्या पाटीसमोरून सरळ पुढेच गेली. पुढचा डबा फलाट सोडून पलीकडच्या स्टेशनच्या बागेपाशी. रूळ जिथे संपतात तिथला ठोकळा आणि गाडीचं नाक यांच्यामध्ये मी आणि ताई शेजारी शेजारी उभ्या राहिलो असतो, तिसरीला जागा नव्हती. दाजी खाली उतरले, टोपी काढली, बागेकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी आधीच घाबरून इतका लवकर ब्रेक मारला की मागचा डबा फलाटाबाहेर राहिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा बाग.

"पडद्यावर वेगाचा आकडा दिसतो ना काका?" मास्तरीण विचारायची.

"दिसतो हो मॅडम. पण तो आकडा हातात उतरत नाही. गाडी काही बोलतच नाही!"

आता यात अडलं होतं काय ते सांगते. शेवटी एक परीक्षा होती, रेल्वेच्या मोठ्या साहेबांसमोर. ती पास झाली तर दाजी निवृत्त होईपर्यंत याच लाइनीवर नवी गाडी चालवणार. नापास झाले तर शेडच्या किल्ल्या सांभाळायचं काम. सकाळी किल्ल्या द्यायच्या, संध्याकाळी परत घ्यायच्या, मधे खुर्ची. मी ताईला समजावायला गेले की पगार तोच आहे, त्रास कमी आहे. ती भांडी विसळत होती. हात न थांबवता म्हणाली, "पगार तोच गं. माणूस तो राहायचा नाही." मी फडकं घेतलं आणि भांडी पुसायला लागले.

पुढच्या आठवड्यात चमत्कार झाला. मास्तरणीला मागच्या केबिनमध्ये बसून यंत्रांचे आकडे बघायचे होते, म्हणून पुढे दाजी एकटेच होते. गाडी आली आणि पिवळ्या पाटीसमोर नाकाला नाक लावून उभी! मी खिडकी सोडून बाहेर पळत आले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सगळ्यांना वाटलं, बुजले होते बिचारे, आता हात बसला. ताईचा जीव भांड्यात पडला. दाजींची कॉलर पुन्हा ताठ झाली.

आणि तेवढ्यात गाडीच आजारी पडली.

चाचणीच्या काळात गाडीत जागोजागी मायक्रोफोन लावलेले असतात. कुठे काही घासतंय, करकरतंय का ते ऐकायला. कंपनीचा एक इंजिनिअर दिवसभर ते आवाज ऐकत बसायचा. कानावरचे हेडफोन जेवतानाही काढायचा नाही, म्हणून आम्ही त्याला कानवाला म्हणायचो. तर कानवाल्याला गाडीत एक आवाज सापडला. घर्रर्र असा, मधेच चढणारा, मधेच पडणारा, आणि चढावर तर खोकल्यासारखे हिसके देणारा. पुढच्या डब्यात सगळ्यात मोठा. शेडमध्ये गाडी उभी करून सगळं चालू केलं तर आवाज गायब. रुळांवर गेली की परत हजर.

झालं. कानवाल्याने आणि मास्तरणीने गाडी उघडायला घेतली. पंखे काढले, पंप काढले, मोटर खाली उतरवली. सगळं नवं कोरं, कुठे ओरखडा नाही. पुन्हा बसवलं, पुन्हा पळवली, पुन्हा आवाज. मास्तरणीच्या डोळ्यांखाली काळं झालं. तो आवाज ती इतक्या वेळा ऐकत होती की कॅन्टीनमध्ये चहा ढवळतानाही तिला तो ऐकू यायचा, असं तीच मला म्हणाली. शेवटी कंपनीने कळवलं की दोष सापडत नसेल तर गाडी कारखान्यात परत पाठवा. आणि परत पाठवली तर ती यायला वर्ष, दोन वर्षं. तोवर दाजी निवृत्त.

त्याआधी एक शेवटचा उपाय म्हणून कानवाल्याने तो आवाज स्टेशनमास्तरांच्या खोलीत आम्हा सगळ्यांना ऐकवला. लाइनीवर, पुलावर, बोगद्यात असा आवाज कुणी ऐकलाय का, असं विचारलं. बटण दाबलं. घर्रर्र सुरू झालं.

दाजी खुर्चीतून उठलेच. "अहो, ही तर खोकली!"

"कोण?" कानवाला म्हणाला.

"आमची जुनी गाडी! डिझेलची! हा बघा, हा पूल... हा आता चढ लागला... आता दुसरा गिअर... खोकली! खोकली बघा!" डोळ्यांत पाणी माणसाच्या. "साहेब, तुम्ही काय हवं ते म्हणा, या आवाजाला मी झोपेतसुद्धा ओळखीन. नव्या गाडीत कुणीतरी डिझेलचं इंजिन बसवलंय!"

स्टेशनमास्तरांनी कपाळाला हात लावला. सिग्नलवाल्याने तर सरळ सांगून टाकलं की खोकलीचा आत्मा नव्या गाडीत शिरलाय. संध्याकाळपर्यंत न्हाव्याकडे ती बातमी पोचली आणि माझ्या खिडकीवर लोक विचारायला लागले, "बाई, भुताच्या डब्याचं तिकीट वेगळं आहे का?"

मी मात्र त्या खोलीत बसल्या बसल्या गार पडले होते. कारण तो आवाज मी त्या आदल्याच रविवारी ऐकला होता. ताईच्या घरी. दाजी गणवेशाला इस्त्री करत होते तेव्हा.

दाजींना घरकामातली ही एकच हौस. इस्त्री स्वतःच करणार, आणि करताना तोंडाने घर्रर्र चालू. बाहीवरून जाताना सपाट रस्ता, कॉलरला वळण, खिशापाशी चढ. अख्ख्या घराला त्याची इतकी सवय की तो आवाज कुणाला ऐकूच येत नाही. आणि खोकलीच्या केबिनमध्येही हा माणूस जन्मभर तिच्याबरोबर घर्रर्र करत आला असणार. तिच्या धडधडाटात कुणाला कळणार होतं? नवी गाडी मुकी, म्हणून उघडं पडलं. शेजारी मास्तरीण असली की लाजेने तोंड बंद, आणि तोंड बंद की गाडी बागेत. एकटे असले की तोंड चालू, आणि गाडी पाटीसमोर. त्यांच्या स्वतःच्या गावीही नव्हतं!

मी खिडकी बंद करून तशीच ताईकडे गेले. तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगतेस? झोपेत चढ चढतात ते. रोज मी बोगद्यापर्यंत जागी असते." मग तिच्याही डोक्यात प्रकाश पडला आणि ती मटकन खाली बसली.

आता करायचं काय? सांगावं तर दाजींचं हसं होणार, आणि वर मोठे साहेब म्हणणार की ज्याला तोंडाने इंजिन वाजवल्याशिवाय गाडी थांबवता येत नाही त्याला किल्ल्याच द्या. न सांगावं तर गाडी कारखान्यात जाणार आणि दाजी किल्ल्यांवरच. आम्ही दोघी बहिणी भांडलो. ती म्हणाली गप्प बसू, मी म्हणाले सांगू. मग मी म्हणाले गप्प बसू, तर ती म्हणाली सांगू. तेवढ्यात दाजीच घरी आले.

"दाजी," मी म्हणाले, "तो आवाज तुमचा आहे."

"कुठला?"

"गाडीतला. तुम्ही तोंडाने करता."

"मी? काहीतरीच काय बोलतेस! वेड लागलंय का?"

ताईने आतून इस्त्री आणली, शर्ट आणला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "उद्याचा शर्ट राहिलाय." दाजी आमच्याकडे रागाने बघत इस्त्रीला बसले. पहिली बाही गप्प झाली. दुसऱ्या बाहीच्या मध्यावर घर्रर्र सुरू झालं. खिशाजवळ चढ लागला, दाजींनी गिअर बदलला, एकदा खोकले, आणि त्यांचा हात तिथल्या तिथे थांबला. त्यांनी आमच्याकडे बघितलं. मग तोंडावर हात ठेवला. शर्टाचा खिसा जळाला तेव्हा कुठे इस्त्री उचलली.

मला हसू आवरेना, मी स्वयंपाकघरात पळाले. परत आले तर दाजी आणि ताई शेजारी शेजारी बसले होते आणि दाजी म्हणत होते, "ती पोरगी बिचारी रात्रंदिवस शोधतेय गं. उद्या जाऊन सांगतो." ताईने विचारलं, "आणि किल्ल्या?" दाजी म्हणाले, "देतील तर घ्यायच्या. चांगल्या गाडीला आजारी म्हणून परत पाठवायचं म्हणजे पाप आहे."

दुसऱ्या दिवशी मी चहाची सुट्टी गाठून शेडमध्ये गेले. मोठे साहेबही आले होते, गाडी परत पाठवायच्या कागदांवर सही करायला. दाजी सगळ्यांच्या मधे जाऊन उभे राहिले. "गाडीत दोष नाही. तो आवाज माझा आहे."

कुणाचा विश्वास बसेना. साहेब म्हणाले, "करून दाखवा."

दाजी घसा खाकरून उभे राहिले. काहीच येईना. "हातात काहीतरी द्या हो," ते म्हणाले, "नाहीतर यायचं नाही." कानवाल्याने हाताला लागला तो मोठा पाना दिला. दाजींनी तो दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले, आणि जंक्शन सोडलं. पूल आला. चढ आला. खोकली खोकली, अडखळली, पुन्हा खोकली. बोगद्यात आवाज घुमला. मग उतार, आवाज चढत चढत गेला, आणि त्या ठरावीक पट्टीला पाना मागे आला. फुस्स. गाडी उभी. शेडमधल्या सगळ्या लोकांनी नकळत फलाट कुठेय म्हणून पायांकडे बघितलं. कानवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा हेडफोन काढले. मास्तरीण हसायला लागली ती खाली बसून हसली, आणि हसता हसता रडली, कारण तिची गाडी निर्दोष होती.

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. चांगले गृहस्थ आहेत, पण नियमाच्या चौकटीत जन्मलेले. "गाडी परत जाणार नाही," ते म्हणाले. "परीक्षा परवा. पण माझी एक अट आहे. चालकाच्या तोंडून असला आवाज मला चालणार नाही. उद्या प्रवाशांनी ऐकला तर गाडी बिघडली म्हणून उड्या मारतील. तोंड उघडलं की नापास."

परीक्षेच्या दिवशी वजन हवं म्हणून आम्हा कर्मचाऱ्यांना आणि घरच्यांना डब्यात बसवलं होतं. मी आणि ताई अगदी पुढे, केबिनच्या काचेमागे. मधलं दार उघडंच होतं. आत दाजी, शेजारी हातात फॉर्म घेतलेले साहेब, आणि मागच्या घडीच्या खुर्चीवर मास्तरीण. जाताना तिने दाजींना पाणी दिलं. दाजींनी एक घोट घेतला आणि ओठ मिटले ते मिटले.

जंक्शनहून निघालो. पहिल्या स्टेशनला दारं फलाटावर आखलेल्या खुणांच्या पुढे गेली. साहेबांनी काहीतरी लिहिलं. दुसऱ्याला मागे राहिली. पुन्हा लिहिलं. साहेबांनी आधीच सांगितलं होतं, दोनदा चालवून घेईन, तिसऱ्यांदा नाही. ताईने माझा हात इतका दाबला की बोटं बधिर झाली. दाजींची मान घामाने ओली झाली होती. जबडा एवढा आवळलेला की मला वाटलं आता दात पडतील. पूल गेला, चढ गेला. जिथे खोकली खोकायची तिथे नुसती शांतता. मी त्या धुरकटलेल्या म्हातारीला जन्मभर शिव्या घातल्या, पण खरं सांगते, त्या क्षणी ती परत यावी म्हणून मी मनोमन हात जोडले.

बोगद्यातून बाहेर पडलो. उतार लागला. खाली लांबवर आमचं स्टेशन, पिवळी पाटी, आणि त्यापुढे तो ठोकळा. दाजींचा हात ब्रेकच्या दांड्यावर नुसता चाचपडत होता.

आणि घर्रर्र ऐकू आलं.

संपलं, म्हटलं, उघडलं तोंड! पण काचेतून दाजींचे ओठ दिसत होते, घट्ट मिटलेले. आवाज बारीक होता, बाईचा. मास्तरीण घडीच्या खुर्चीत पुढे वाकून, पडद्यावरच्या वेगाच्या आकड्यावर डोळे लावून, घर्रर्र करत होती. आकडा चढला की आवाज चढवत होती. आठवडाभर तो आवाज रात्रंदिवस ऐकलेला, तिला तो तोंडपाठ झाला होता. दाजींचे खांदे खाली आले. हात स्थिर झाला. साहेब गर्रकन मागे वळले. ती थांबली नाही. आवाज त्या ठरावीक पट्टीला पोचला आणि दाजींनी दांडा मागे घेतला.

गाडी पाटीसमोर उभी राहिली. दारं उघडली ती बरोबर खुणांवर. फलाटावर स्टेशनमास्तर उभे होते, त्यांना एक पाऊलसुद्धा सरकावं लागलं नाही.

मग साहेबांनी विचारलं, "हा आवाज कुठून आला?"

मास्तरीण उभी राहिली. लाल झाली होती, पण मान ताठ. "तो आवाज माझा आहे, साहेब."

साहेबांनी आधी तिच्याकडे बघितलं. मग खिडकीतून बाहेर वाकून पाटी बघितली. मग फॉर्म गुडघ्यावर ठेवला. "अट चालकाच्या तोंडाची होती," ते म्हणाले. "चालकाचं तोंड बंद होतं, मी स्वतः बघितलं." आणि सही केली.

ताई दारातून आत घुसली ती आधी मास्तरणीच्या गळ्यात पडली, नवऱ्याच्या नाही. दाजी तसेच खुर्चीत बसून होते, डोळे पुसत. आता हे काय बोलतात म्हणून आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघत राहिलो.

"मॅडम," ते म्हणाले, "बोगद्यानंतर तुम्ही गिअर बदललाच नाहीत."

"चुकलं, काका."

"असू दे," दाजी म्हणाले. "मी बदलून घेतला."